न जुळणारी सही

धुळे,
९ मार्च १९९२

चि. छाया हिस श्रीरंगदादाचे आशीर्वाद.

अविनाशरावांचं पत्र कालच मिळालं. सुरतेत पानवाल्यापासून हिरेवाल्यापर्यंत सगळे शेअरबाजारात हात धुऊन घेताहेत, आणि आमची भगिनी अडाजणच्या दोन खोल्यांत लोखंडी पेटीवर बसून आहे, असं त्यांनी लिहिलंय. बिचाऱ्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलंय. मी तसं लिहिणार नाही.

१९७८ साली अप्पांनी तुझ्या नावावर त्या गोळ्या-औषधांच्या कंपनीचे शंभर शेअर घेतले. का, तर ब्लडप्रेशरची गोळी त्या कंपनीची खात होते! कंपनी निवडायची ही त्यांची अक्कल. अर्ज मीच भरला, खाली तू सही केलीस आणि साक्षीदार म्हणूनही मीच सही केली, म्हणून मला सगळं पाठ आहे. तुझं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडवून लग्न ठरवलं याची त्यांना टोचणी होती. 'तुझं राहिलं, तुझ्या लेकीचं राहू नये, वीस वर्षं याला हात लावू नकोस,' असं म्हणाले होते. तालुका कचेरीतला कारकून आणखी काय म्हणणार? वीस वर्षं म्हणजे त्यांच्या लेखी पेन्शनची फाईल.

छाया, शेअर झोपवून ठेवायचा नसतो, फिरवायचा असतो. अप्पा जन्मात शिकले नाहीत ते मी तीन वर्षांत शिकलो. बोनस मिळत मिळत तुझे चारशे शेअर झालेत आणि भाव टिपेला आहे. ते विकून सिमेंटमध्ये टाका. मी माझा प्रॉव्हिडंट फंड काढून टाकलाय. दिवाळीपर्यंत तिप्पट. कोऱ्या ट्रान्सफर फॉर्मवर सही करून अविनाशरावांकडे दे, एवढंच तुझं काम. डिव्हिडंडची चिल्लर कुठे जमा होते ते मी विचारत नाही, भाजीपाल्यात गेली असेल.

उषा आशीर्वाद सांगते.

तुझा दादा,
श्रीरंग


सुरत,
२६ मार्च १९९२

तीर्थरूप आणि सर्वज्ञ दादास सा. न.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. 'अक्कल' या शब्दाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला नीट ऐकू जावं.

आमच्याकडे सध्या सकाळी चहाच्या आधी भाव वाचतात. यांच्या विमा कचेरीत दुपारी कोणी टेबलाशी सापडत नाही म्हणे, सगळे नानपुऱ्यात दलालाच्या ओट्यावर. यांनी मलाही तिथे नेलं. दलालभाईंनी मला खुर्ची दिली, थम्सअप दिलं आणि म्हणाले, "बेन, अत्यारेज वेची नाखो, आवो भाव फरी नहीं आवे." मी विचारलं, आत्ताच विकून टाका म्हणता, पण भाव परत येणार नसेल तर घेणारा कशाला घेतोय? यांनी मला तिथून उठवलं. बायकोने दलालाला प्रश्न विचारणं त्यांना शोभलं नाही.

आमच्या सखुबाईला तू ओळखतोस. नवागामहून भांडी घासायला येते, तिचा नवरा लूमवर आहे. ती परवा मला म्हणाली, "भाऊ पेपरमा रोज काय दखतस? रोज मोजीसन पोर मोठी व्हस का, बाई?" मी यांना सांगितलं. हे म्हणाले, आता मोलकरणीही बाजारावर बोलायला लागल्या. मला वाटतं, तुमच्या ओट्यावरच्या सगळ्यांत तिचंच बोलणं ऐकण्यासारखं होतं.

तर तुमच्या दोघांच्या इच्छेप्रमाणे फॉर्मवर सही केली आहे. कागद मुंबईला गेले. सिमेंटला माझा नमस्कार सांग.

तुझी,
छाया


सुरत,
२९ एप्रिल १९९२

ती. दादास सा. न.

कागद परत आले. कंपनीने कळवलंय की विकणारीची सही त्यांच्याकडच्या नमुन्याशी जुळत नाही.

तू ओरडायच्या आधी सांगते. शेअर छाया पांडुरंग अमृतकर हिच्या नावावर आहेत. ती बाई एकोणऐंशी सालच्या वैशाखात संपली. शिरोड्यांच्या घरी ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने 'माधवी' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, तूही दोन खाल्लेस. तेव्हापासून तेरा वर्षं मी माधवी अविनाश शिरोडे अशी सही करते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, रेशनच्या दुकानात, गॅसच्या नोंदीत. छायाची सही हाताला आठवत नाही.

कंपनी म्हणते, बँकेकडून सही साक्षांकित करून आणा. इथल्या बँकेतलं खातं माधवीचं. बँक म्हणते, ही छाया कोण? लग्नाची नोंद केलेली नाही, ती करायला भटजी कुठून आणू, ते वारले. माझं नाव बदलताना कोणाला कागदाची गरज वाटली नव्हती, आता सगळ्यांना वाटते.

इकडे बाजारात काहीतरी मोठी भानगड निघाली आहे. यांना दोन दिवस जेवण जात नाही. तुझ्या सिमेंटचं काय?

तुझी,
छाया


धुळे,
१४ जून १९९२

चि. छायास आशीर्वाद.

सिमेंटचं विचारू नकोस.

तुझं पत्र वाचून मी कचेरीत हसलो. लोकांनी विचारलं, काय झालं? काय सांगू? आमच्या बहिणीला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, हे? पुऱ्या खानदेशात अशी दुसरी बाई सापडणार नाही. अंगठा दिला असतास तर एव्हाना काम झालं असतं!

भाव निम्म्यावर आलाय. अजून उतरणार. आता बाजार दहा वर्षं उठत नाही, हे मी लिहून देतो. मिळेल त्या भावाला काढून टाका आणि पैसे पोस्टात ठेवा. अप्पांच्या ट्रंकेत तुझी अकरावीची वही सापडली, ती सोबत पाठवतोय. वर तुझं नाव तुझ्याच अक्षरात आहे. रोज सकाळी पानभर गिरव. हर्षदा अकरा वर्षांची आहे ना? तिला शेजारी बसव. ती शिकवेल तुला.

श्रीरंग


सुरत,
२० ऑगस्ट १९९२

ती. दादास सा. न.

वही पोचली. आज्ञेप्रमाणे गिरवलं. हर्षदाने लाल पेनाने दहापैकी सहा गुण दिले. यांनी स्वतः फॉर्म पुढे ठेवला, बोट ठेवून जागा दाखवली. परवा कागद परत आले. जुळत नाही.

यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. फार शांत गेले ते तीन दिवस.

मार्चमध्ये विकून वर चढणाऱ्यात घाला म्हणालास, जूनमध्ये विकून पोस्टात घाला म्हणालास. मधल्या तीन महिन्यांत त्या कंपनीने गोळ्या करणं बंद केलं होतं का? मी तिचा वार्षिक अहवाल वाचला. इंग्रजी आहे, डिक्शनरी घेऊन बसले, आठ दिवस लागले. मागच्या वर्षीपेक्षा जास्त गोळ्या खपल्या आहेत. एवढंच मला समजलं.

तुझी,
छाया


धुळे,
२८ ऑक्टोबर १९९४

छाया,

तुम्ही सुखरूप सुरतेला पोचलात हे कळलं. प्लेगाच्या त्या बातम्या, एसटीच्या टपावर बसून आलेली माणसं, हे सगळं अजून विसरता येत नाही. बारा दिवस तुम्ही इथे राहिलात, त्याबद्दल काही नाही, तुझंच घर आहे. पण तुझ्या त्या कागदांबद्दल मला बोललंच पाहिजे.

या वेळी कुठलीही सबब नव्हती. मी स्वतः तुला माझ्या टेबलाशी बसवलं. पेन माझं, उजेड खिडकीचा, मी डोळ्यांनी बघत होतो. तीन फॉर्मांवर तीन सह्या केल्यास. सुरतेतल्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालेलं, औषधांच्या शेअरला तेजी आलेली, मागच्या वर्षीच्या बोनसने तुझे आठशे झालेले. असा योग जन्मात एकदा येतो. आणि काल कंपनीचं पाकीट आलं. तिन्ही परत!

माझ्यासमोर बसून, माझ्या पेनाने केलेली सही तुझी नाही म्हणतात! मी पाकीट उषाच्या पुढ्यात आपटलं. ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. तिलाही लाज वाटली असणार, नणंद अशी निघाली म्हणून.

आता मी तुझा नाद सोडला. प्लेग ओसरला, तेजी गेली, बस कवटाळून. मी मात्र थांबलेलो नाही. नव्या कंपन्यांचे इश्यू येताहेत, दर आठवड्याला चार. एक कंपनी काचेच्या घरात गुलाब पिकवून हॉलंडला पाठवणार आहे, दुसरी सागवान लावणार आहे. दोन्हींत भरलेत. देवपूरचा प्लॉट गहाण टाकला, पण सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. अप्पांसारखं वीस वर्षं कोण थांबतो?

श्रीरंग


सुरत,
१५ नोव्हेंबर १९९४

ती. दादास सा. न.

बारा दिवस पाहुणचार केलास आणि त्यातले अकरा दिवस सही मागितलीस. दोन्हींबद्दल आभारी आहे.

इथे आता रस्ते झाडताहेत, कधी नव्हे ते. सखुबाई गावाहून परतली. तिने विचारलं, "बाई, तुम्हना कागद वाचनात ना?" मी म्हटलं, वाचले.

आम्ही पळालो तेव्हाचं एक तुला सांगायचं राहिलं. आमच्या गल्लीत दोन दवाखाने आहेत. दोन्ही डॉक्टर पहिल्याच दिवशी कुलूप लावून गेले, आमच्याही आधी. हर्षदाने ती कुलपं पाहिली. इथे परत आल्यावर म्हणाली, "आई, मी डॉक्टर होणार. मी कुलूप नाही लावणार." तेरा वर्षांच्या मुली खूप काही बोलतात आणि विसरतात. ही विसरणार नाही असं मला वाटतं. यांनी ऐकलं आणि म्हणाले, पैसे काय झाडाला लागतात? मग कपडे करून नानपुऱ्याला गेले.

गुलाबांबद्दल तुझं अभिनंदन. अप्पा निदान गोळी खाऊन बघायचे. ते काचेचं घर कोणत्या गावाला आहे, तू पाहिलंस का? सागवान किती वर्षांनी तोडतात ते विचारलंस का? माझ्या माहितीप्रमाणे वीसहून जास्त लागतात. म्हणजे वीस वर्षं थांबायला तू तयार आहेस. फक्त अप्पांनी सांगितलेली नकोत.

तुझी,
छाया


धुळे,
१२ डिसेंबर १९९६

प्रिय छाया,

उषाला न कळवता लिहितोय.

गुलाबाच्या कंपनीच्या पत्त्यावर मी पुण्याला जाऊन आलो. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, तुमच्यासारखे रोज दोघं-तिघं येतात. सागवानवाले पत्राला उत्तर देत नाहीत. जे शेअर खरोखर आहेत त्यांना कोणी विचारत नाही. कचेरीत मी ज्याला टिप दिली नाही असा माणूस उरला नाही, आणि आता त्यांतला एकही माझ्याबरोबर चहाला येत नाही.

देवपूरचा प्लॉट महिनाअखेरीस जाणार. उषाने त्यावर घराचा नकाशा काढून ठेवलाय, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. तुझ्या शेअरचा भाव पडलेला आहे, मला माहीत आहे, पण आठशे आहेत. विकलेस तर प्लॉट सुटतो. मी तुला परत देईन. कसं ते आता सांगता येत नाही, पण देईन.

एकदा नीट सही कर, छाया. मन लावून कर. मी आजवर जे बोललो ते विसर. मी हे लिहिताना रडलो आहे, ते तुला अक्षरावरून दिसेल.

तुझा दादा


सुरत,
२० जानेवारी १९९७

ती. दादास,

पत्र मिळालं त्याच दिवशी सही करून पाठवली होती. परत आली.

मला माफ कर.

छाया


धुळे,
५ जुलै १९९९

चि. छायास आशीर्वाद.

हर्षदाला मेडिकलला प्रवेश मिळाल्याचं अविनाशरावांनी फोनवर सांगितलं. खासगी कॉलेज, फी भरमसाट, आणि ती तू शेअर विकून भरलीस म्हणे! भाव कुठल्या कुठे गेलाय ते मी पाहतो. आता मी बाजार फक्त पाहतो.

अविनाशराव नानपुऱ्याच्या ओट्यावर हल्ली भाषणं देतात असं कळलं. 'लाँग टर्म ठेवा, घाबरू नका, आमच्या घरात एकवीस वर्षं एक कागद हलला नाही.' आमच्या घरात! दलालही मान डोलावतात म्हणे. नातेवाइकांत तुझी दूरदृष्टी गाजतेय. उषाच्या भावानेच मला सांगितलं, बहिणीकडून धीर शिका.

मी म्हातारा झालो, पण माझ्यापुढे कोणी दूरदृष्टीच्या गप्पा मारू नयेत. तुला मार्चमध्येही विकायचं होतं, जूनमध्येही. दरवेळी सही केलीसच ना? जुळली नाही म्हणून वाचलीस. आळशी हाताचं नशीब, दुसरं काही नाही. जी चूक केल्याबद्दल मी तुला शिव्या घातल्या, तिचंच आज लोक कौतुक करतात. मला याचं हसू येतं. रागही येतो. खरं सांगायचं तर रागच येतो. प्लॉटवर आता दुसऱ्याचं घर उभं आहे. खिडकी पूर्वेलाच आहे.

एकच विचारतो. आता कशी जुळली?

श्रीरंग


सुरत,
१९ जुलै १९९९

ती. दादास सा. न.

तू विचारलंस ते बरं झालं. यांनी अजून विचारलेलं नाही. भाषणं करणाऱ्या माणसाला इतका वेळ नसतो.

धुळ्यात गल्ली नंबर चारमधली सहकारी बँक, तुझ्या कचेरीपासून दोनशे पावलं. अर्ज भरला त्याच आठवड्यात अप्पांनी तिथे छाया पांडुरंग अमृतकर या नावाचं खातं उघडलं. तू ज्याला चिल्लर म्हणालास तो डिव्हिडंड एकवीस वर्षं तिथे थेट जमा होतोय. चिल्लर कुठे जाते हे तू विचारत नाहीस असं तूच लिहिलं होतंस, आणि खरोखर विचारलं नाहीस. दर मे महिन्यात माहेरी आले की मी तिथे जाऊन पैसे काढायचे, छायाच्या सहीने. पहिल्याच भेटीत कॅशियरने सही ताडून पाहिली होती, पुढे तर तो तोंडओळखीने हसायचा. उषावहिनी बरोबर यायची. बाहेर पडून आम्ही उसाचा रस प्यायचो. तू तिच्यापुढे पाकीट आपटलंस तेव्हा ती पदर तोंडाला लावून आत गेली, ती लाजेने गेली असं तुला वाटलं. ती हसत होती, दादा.

आणि सही. कॉलेजात मी नावाखाली एक तिरकी रेघ मारायचे आणि रेघेखाली दोन टिंबं द्यायचे. अठराव्या वर्षी माणसाला अशी हौस असते. अर्जावरची सही तशीच आहे, आणि तिच्याशेजारी साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. ब्याण्णवला यांनी बोट ठेवून जागा दाखवली, मी रेघ गाळली. चौऱ्याण्णवला तू डोळ्यांनी बघत होतास, तिन्ही वेळा मी रेघ गाळली आणि 'छ' वेगळा काढला. तुझी नजर फॉर्मच्या भावाच्या रकान्यावर होती. वहीवरचं नाव तू गिरवायला पाठवलंस, सही नव्हे. तुमच्यापैकी एकालाही माझी सही कशी आहे हे माहीत नव्हतं. मला लिहिता येत नाही हे मात्र तुम्ही दोघांनी लगेच मानलंत, त्याला पुरावा लागला नाही.

नाही म्हणाले असते तर चाललं असतं का? विचार करून बघ. ब्याण्णवला नाही म्हणाले असते तर यांनी पेटी फोडली असती आणि तू रात्रीची एसटी पकडून समजवायला आला असतास. बावळट बाईशी कोणी भांडत नाही. म्हणून सात वर्षं बावळट राहिले. कठीण काही नव्हतं, तुम्ही दोघं मदतीला होताच.

दूरदृष्टी वगैरे मला नाही. बाजार केव्हा चढेल, केव्हा पडेल, हे मला आजही सांगता येत नाही. त्याची मला गरजही नव्हती. हर्षदा अठरा वर्षांची केव्हा होणार हे ठाऊक होतं. तेवढी एकच तारीख मी धरून बसले. मधल्या सगळ्या तारखा तुमच्या होत्या. या वेळी रेघ आणि टिंबं देऊन दोनशे शेअर विकले, पहिल्या वर्षाची फी भरली. सहाशे तिथेच आहेत. यांच्या भाषणात हे आकडे आले तर हसू नकोस.

आता शहाण्णवचं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुझ्या अक्षरावर खरंच पाणी पडलेलं होतं. त्या दिवशी हर्षदा समोर बसून जीवशास्त्राची आकृती काढत होती, बेडकाचं हृदय. फॉर्म माझ्या हातात होता. रेघ मारली असती तर तुझा प्लॉट वाचला असता, निदान पुढच्या गुलाबांपर्यंत. मी पेन टेकवलं, थोडी रेघ मारलीही, आणि मग तो फॉर्म फाडून दुसरा घेतला. दुसऱ्यावर रेघ नव्हती. बाकी सगळ्या खोट्या सह्यांचं मला काही वाटलं नाही, मजाच वाटली. त्या एकीचं वाईट वाटतं. वहिनीची खिडकी गेली. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं केलंस. मग तिने घराचा नकाशा घडी घालून ठेवला. त्या पत्रात मी माफ कर असं लिहिलं होतं, ते त्यासाठी. तुला वाटलं, हाताने दगा दिला म्हणून.

आता पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन. एवढ्यासाठीच हे लिहिते आहे, नाहीतर तुझा आळशी हाताचा सिद्धांत मी तसाच राहू दिला असता. सगळ्या नात्यात मला बावळट समजणारा एक तरी माणूस असणं सोयीचं होतं. पण हर्षदा गेल्या आठवड्यात कॉलेजला गेली. निघताना तिने विचारलं, "आई, अर्जावर आईचं नाव कोणतं लिहू?" मी सांगितलं ते तिने लिहिलं.

तू साक्षीदार होतास, दादा. एकवीस वर्षांनी तरी नीट बघ. खाली रेघ आहे आणि दोन टिंबंही आहेत.

छाया पांडुरंग अमृतकर